तारेआधीची खूण

माहा मधुसूदन घरी आला की सरळ आत येत नाही. उंबरठ्याबाहेर थांबते, घसा खाकरते आन आधी जाहीर करते, "माय, साधी गोष्ट आहे." मंग चपला काढते, आत येते, पिशवी कोनाड्यात ठेवते आन सांगते, "वांगे आणले."

आता वांग्यांसाठी कोणाच्या घरी अशी दवंडी पिटतात? पगार झाला की बाहेरूनच, "चांगली गोष्ट आहे." नळाचं पाणी गेलं की, "जराशी वाईट गोष्ट आहे." एक दिवस जेवता जेवता बायकोले म्हणते, "प्रेमिला, इचाराची गोष्ट आहे." तिच्या हातातला पळा तसाच राह्यला. बिचारीचं तोंड पांढरं पडलं. काय तं म्हणे, वरणात मीठ कमी आहे.

शेजारची बायजाबाई जिभेची तिखट. पापड वाळू घालता घालता मले म्हणे, "काय वं कौसल्या, तुह्या पोट्ट्याले रेडिओत नोकरी लागली काय? आधी 'बातम्या ऐका' म्हणते, मंग बातमी देते."

"तुह्या पोट्ट्यापेक्षा बरा," मी म्हटलं. "तो तं काम सांगाच्या आधीच घरातून पळते."

बायजाबाई पापडाकडे वळली. पण तिले चूप केल्याचा आनंद मले झाला नाही. सारा मोहल्ला हसते, प्रेमिला तोंडाले पदर लावून हसते. माहं मात्र दर वेळेस तेच होते. तो बाहेरून "माय" म्हणते, आन पुढचा शब्द येईपर्यंत माह्या हातातलं काम हातातच राहते. रोज. वांग्यांसाठी.

हे सोंग त्यानं काहून धरलं, ते मले माहीत आहे. माही लेक गोपिका गेली, मंग धरलं.

लकडगंजात आमच्या दोन खोल्या आहेत, समोर जरासं अंगण आन अंगणात कडुलिंब. मधुसूदनचा बाप आरामशीनवर सागाचे ओंडके कापे. तो गेला तवा मधुसूदन मॅट्रिकच्या वर्गात होता आन गोपिका परकरात. मी आरामशीनचा भुसा पोत्यात भरून घरोघर शेगडीसाठी विकला, पण कोणाच्या दारात हात पसरला नाही. पोरगा मॅट्रिक झाला आन तारघरात लागला. मी सोता दुसरी शिकलेली, अक्षराले अक्षर जोडून वाचणारी. पण माहा पोरगा नुसती टकटक ऐकून कागदावर मजकूर उतरवते, हे सांगताना माही मान वर राहे. ज्याले खुपलं त्याले खुपो.

ते तारघर मी एकदाच पाह्यलं. गोपिकाचं लग्न व्हायचं होतं. मधुसूदनचा डबा घरीच राह्यला, म्हणून आम्ही मायलेकी घेऊन गेलो. साहेब जेवाले गेले होते, मधुसूदननं आम्हाले आत बोलावलं. लांबच्या लांब टेबल, त्याच्यावर पितळेची लहानशी कळ, आन बाजूले वाजणाऱ्या यंत्राच्या मागं सिगारेटचा रिकामा डबा खोचलेला. आवाज मोठा व्हावा म्हणून. डबा आपला कट्ट-कडकट्ट बोलत राहे.

"कोण बोलून राह्यलं हे?" मी इचारलं.

"रायपूर."

"मंग काय म्हणते तुहं रायपूर?"

"थांब वं माय, अजून मलेच समजलं नाही."

त्यानं काही अक्षरं लिवली, थांबला, सारी खोडली, दुसरा कागद ओढला. कळ दाबून तिकडच्याले काहीतरी म्हटलं, आन डबा पुन्हा पहिल्यापासून वाजू लागला. गोपिका त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"दादा, काहून खोडलं गा?"

तवा त्यानं समजावलं. ठोके तेच, लाईन तीच, डबा तोच. पण इंग्रजी तारेत ज्या ठोक्यांचं एक अक्षर होते, नागरी तारेत, म्हणजे आपल्या हिंदी-मराठी तारेत, त्याच ठोक्यांचं दुसरं होते. तिकडचा माणूस एकदम सुरू झाला की इकडचा त्याले आधी इंग्रजीच समजते. ओळभर गिचमिड लिवून झाली की मंग ध्यानात येते, अरे, हे तं नागरी आहे. मंग त्याले थांबवा, पुन्हा इचारा, पुन्हा लिवा. तवापर्यंत मागच्या तारा खोळंबतात. शेजारच्या टेबलावरचे इंग्रजीवाले म्हणत, "आली काय तुमची बैलगाडी?"

"मंग तो आधीच काहून सांगत नाही?" गोपिका म्हणे. "कार्डाचा कोपरा फाडतात तसं करावं."

आमच्यात कोणी गेलं की पोस्टकार्डाचा कोपरा फाडून धाडतात. लग्नाच्या कार्डाले हळदीचं बोट लावतात. वाचता न येणारी बाईबी कार्ड हातात घेतल्याबरोबर समजते की आता रडाचं का गूळ वाटाचा. फाटक्या कोपऱ्याचं कार्ड घरात नेत नाहीत, बाहेरच वाचतात आन तिथंच फाडून टाकतात. तशी खबर घेऊन माणूस आला, तं तोबी उंबरठा ओलांडत नाही आन पाणी पीत नाही. अंगणात उभं राहून सांगते आन तसाच परत जाते. शब्द मागून येतात. तो आत आला नाही, इथंच सारं समजलं.

मधुसूदन बहिणीकडे पाहतच राह्यला. नंतर म्हणे, "माह्या मनात हे होतंच." असन. मी काही त्याच्या मनात जाऊन पाह्यलं नाही.

पुढं एक दिवस तो उड्या मारतच घरी आला. तवा तो सरळ आत येत असे. साहेबानं मान्य केलं होतं. नागरी तार धाडणाऱ्यानं मजकुराच्या आधी एक खूण ठोकायची. त्या ठोक्यांचं ना इंग्रजीत अक्षर होते ना नागरीत. ते ऐकले की घेणाऱ्यानं मन नागरीकडे वळवायचं आन पहिल्या ठोक्यापासून सरळ लिवत सुटायचं. धाडणाऱ्याले एका श्वासाचं काम वाढलं, घेणाऱ्याची सारी धडपड वाचली. भंडारा, गोंदिया, रायपूर, दुर्ग, साऱ्या लाईनीवर हळूहळू तीच खूण वाजू लागली. आता म्हणे नागरी तार इंग्रजीच्या आधी लिवून मोकळी होते.

"माहं बक्षीस?" गोपिका म्हणे.

"तुह्या लग्नात देतो."

"पाह्य बरं. नाही देल्लं तं सासरहून तार करीन, बिनखुणेची. बैस मंग खोडत."

आम्ही तिघंबी हसलो. त्या दिवशी मी शिरा केला होता.

लग्न दुर्गच्या रुपरावशी झालं. पोरगा रेल्वेत, घर स्टेशनच्या बाजूले, स्वभावानं गरीब. लग्नातलं लुगडं माह्या भावानं, कामठीच्या महादेवरावनं, आपल्या हातमागावर विणलं. असा हिरवा रंग मी नंतर कोणत्याच दुकानात पाह्यला नाही. बक्षीस म्हणून मधुसूदननं तिले मनगटावरचं घड्याळ देल्लं. तिले त्याच्यात वेळ पाहता येत नव्हता. पण रुपराव ड्यूटीवरून उशिरा आला की ती ते घड्याळ त्याच्या नाकापुढं धरे, असं तोच सांगे.

दुसऱ्या वर्षी, भादवा सरत आला होता, तवा रुपरावचं कार्ड आलं. गोपिकाले ताप आहे, हटत नाही, डॉक्टर मुदतीचा म्हणते. मी कार्ड उलटून पाह्यलं. चारी कोपरे शाबूत होते. मी देवापुढं दिवा लावला आन कामाले लागली.

मंग तो दिवस आला. सकाळची वेळ, मी दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मधुसूदन सकाळच्या पाळीले गेला होता. पाळी सुटाच्या कितीतरी आधी तो मले अंगणात दिसला. कडुलिंबाखाली उभा. सायकल भिंतीले टेकवली नव्हती, तशीच धरून उभा.

"काय गा, सुट्टी झाली काय?" मी म्हटलं. "आत तं ये."

आला नाही.

"पाणी आणू काय?"

त्यानं मान हलवली, नको म्हणून.

माह्या हातातलं सूप तिरपं झालं आन तांदूळ सांडले. ते कोणी गोळा केले, आठवत नाही.

"गोपिकाची तार आहे," तो म्हणे. खिशातून कागद काढला आन वाचला, "गोपिका फार आजारी. आईला पहिल्या गाडीने पाठवा."

तार त्यानंच घेतली होती, सोताच्या टेबलावर, सोताच्या हातानं. खूण वाजली, त्यानं पेन्सिल उचलली, पहिल्या अक्षरापासून सरळ लिवली. कुठं थांबला नाही, कुठं खोडलं नाही. दुर्गहून निघालेली तार निखाऱ्यावर राख धराच्या आत माह्या अंगणात होती.

"आजारी," मी म्हटलं. "म्हणजे आहे ना गा? जिती आहे ना?"

तो खाली पाहू लागला.

"मधुसूदन, खरं सांग."

"माय," तो म्हणे, "तारेत असंच लिवतात."

असंच लिवतात, हे त्याच्यापेक्षा कोणाले जास्त माहीत असन? तारेत कोणी 'मेली' म्हणून लिवत नाही. बुढी माणसं वाटेतच हाय खातीन म्हणून 'आजारी' लिवतात, 'लवकर या' लिवतात. वर्षानुवर्षं त्यानं असल्या तारा लिवल्या आन मंग त्याच घरचे लोक डोकं भादरून रस्त्यानं जाताना पाह्यले. त्याच्या हाताखालून गेलेली 'आजारी' क्वचितच आजारी निघाली. तारघरातल्या साऱ्या बाबूंची हीच रीत. हात मजकूर लिवते आन मन आपलं वेगळंच वाचते.

मी छाती पिटून घेतली. बायजाबाई धावत आली, तिच्या मागं सारी आळी. कोणी तार वाचली नाही. तो अंगणात उभा होता, त्यानं पाणी नाकारलं होतं. आणखी काय वाचाचं?

पहिल्या गाडीले वेळ होता. टांगा करून निघालो असतो तं सहज भेटली असती. प्रेमिला तवा नवीन होती, तिचा आवाज घरात कोणी मोजत नसे. ती दाराच्या आडून म्हणे, "पहिल्या गाडीनं म्हटलं आहे ना. मायले घेऊन तुम्ही निघा. बाकीचे मागून येतीन."

मधुसूदन तिच्यावर खेकसला नाही. थकल्यावानी म्हणे, "माहेरचं लुगडं नेल्याशिवाय कसं चालन? मामाले घेऊन येतो, सारे मिळून जाऊ. आता घाई कशाची?"

आता घाई कशाची. हे त्याचे शब्द आहेत, माह्ये नाहीत.

सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं कोरं लुगडं घालतात. तिचा मामा विणकर. लग्नातलं त्याच्या हातचं, तं शेवटचंबी त्याच्याच हातचं पाह्यजे, असं आळीतल्या साऱ्या बायकांनी ठरवलं. मधुसूदन बसनं कामठीले गेला. मी भिंतीले टेकून बसली. आमच्या घराहून रेल्वेची शिट्टी ऐकू येते. पहिली गाडी गेली, ती मी ऐकली.

महादेवराव आला तवा उन्हं उतरली होती. लुगडं छातीशी धरलेलं. माह्यापुढं बसला आन लहान पोरावानी रडला. "बाई, हे मी दिवाळीसाठीच विणून राह्यलो होतो वं. तिच्यासाठीच. काठ तेवढे बाकी होते, मागावरून कापून आणलं."

आम्ही रातच्या गाडीनं निघालो. डब्यात माह्या रडण्यानं बाया सरकल्या, मले खिडकीची जागा देल्ली. एका म्हातारीनं माह्या पाठीवर हात ठेवला.

"कोण गेलं बाई?"

"लेक," मी म्हटलं.

मधुसूदन माह्या बाजूलेच बसला होता. त्यानंबी ऐकलं.

दुर्गले उतरलो तवा उजाडलं होतं. स्टेशनापासून घर हाकेच्या अंतरावर. दारापुढं माणसं जमलेली, तिरडीचे बांबू टेकवून ठेवलेले. जे मनात धरून आलो होतो, तेच समोर होतं. रुपराव आम्हाले पाहून धावला. माह्या पायावर पडला.

"माय, तुम्ही काल काहून नाही आल्या? पहाटे गेली ती. आता, पहाटे."

मले काही समजलं नाही. पहाटे म्हणजे कोणती पहाट, हेच डोक्यात शिरेना.

रुपराव उठला आन त्याची नजर महादेवरावच्या हाताकडे गेली. कोरं हिरवं लुगडं, काठ अर्धे, वर हळदीकुंकवाची पुडी बांधलेली. तो पाहत राह्यला.

"हे कसं आणलं?" तो म्हणे. "तुमाले कोणं सांगतलं? मी तं अजून कोणालेच तार नाही केली."

महादेवरावनं लुगडं आणखी छातीशी धरलं.

"मी तं आजारी म्हणून लिवलं होतं," तो म्हणे. "आजारीच होती."

आन मंग त्याले समजलं. तो माह्याकडे न पाहता लुगड्याकडेच पाहत पायरीवर बसला.

मी गाडीत त्या म्हातारीले 'लेक गेली' म्हणत होती, तवा माही लेक इकडे दाराकडे पाहत होती.

बाकीचं रुपरावच्या मायनं सांगतलं. ती मले दोष देत नव्हती, सांगतल्यानं माहं मन हलकं होईन असं त्या गरीब बाईले वाटलं असन. ताप डोक्यात गेला नव्हता, गोपिका शेवटापर्यंत शुद्धीत होती. गाडीची शिट्टी झाली की इचारे, "माय आली काय?" ज्या गाडीनं आम्ही याले पाह्यजे होतो, त्या गाडीले रुपराव स्टेशनावर गेला. एकटा परत आला. तिनं त्याच्या मागं पाह्यलं, कोणी नव्हतं. मंग सोताच त्याची समजूत घालू लागली.

"दादाले तार भेटली नसन," म्हणे. "तारबाबूनं आधी खूण नसन देल्ली. दादा तिकडे खोडत बसला असन."

"देल्ली होती," रुपरावनं तिले सांगतलं. "मी समोर उभा होतो."

"मंग येईन माय," ती म्हणे, आन भिंतीकडे तोंड केलं.

हे सारं ऐकताना मधुसूदन दारात होता. आत आला नाही, बाहेर गेला नाही.

मामाचं लुगडं तिच्या अंगावर मीच घातलं. अर्धे काठ आतल्या बाजूले दुमडले, कोणाले दिसू नये म्हणून.

घरी परत आल्यावर मी मधुसूदनले काही म्हटलं नाही. लोकांले वाटलं, म्हातारी मोठ्या मनाची आहे. मोठं मन नव्हतं ते. मी त्याले वाढे, त्याचे कपडे वाळू घाले, पण त्याच्याशी बोलाले मले शब्दच भेटत नसे. मंग एक दिवस तो ड्यूटीवरून आला, उंबरठ्याबाहेर थांबला, घसा खाकरला आन म्हणे, "माय, साधी गोष्ट आहे." त्या दिवशी त्यानं बाजारातून मेथी आणली होती. तवापासून हे सुरू झालं, ते आजपर्यंत. वर्ष होऊन गेलं. एकदा चुकीची खूण देल्ली, आन आता भाजीपाल्यासाठी रोज बरोबर खूण देते.

परवा सांजच्याले मी कणीक मळत होती. प्रेमिला कंदील पुसत होती. बाहेर सायकल थांबली. घसा खाकरला.

"माय," तो म्हणे.

पुढं काहीच आलं नाही. मी वाट पाह्यली. कणकेत हात तसेच.

प्रेमिला उठून दाराशी गेली. "कोणती गोष्ट आहे, ते तं सांगा."

"तेच नाही समजून राह्यलं," तो म्हणे.

मी मान वर करून पाह्यलं. तो कडुलिंबाखाली उभा होता. अगदी त्याच जागी. सायकल धरून.

"मी अर्ज लिवला आहे," तो म्हणे. "तारेवरून उठतो. साहेब खिडकीवर बसवतीन. पोस्टाची टिकटं विकाले."

"काहून?"

"हात चालत नाही, माय. दुर्गची लाईन वाजते, खूण येते, आन हात थांबते. तिकडचा ठोकतच राहते. मंग मीच त्याले म्हणतो, पुन्हा सांग. मागच्या तारा खोळंबतात. आज एक 'आजारी' आली. मी उठून गेलो. शेजारच्यानं लिवली."

"कोणाची होती?"

"महाल मोहल्ल्यातल्या कोण्या म्हातारीची. पोरगं आजारी आहे म्हणे, राजनांदगावले."

"मंग? निघाली काय ती?"

"मले काय माहीत. तार वाटणारा हरकारा देऊन आला असन."

"देऊन आला, का अंगणात उभा राहून आला?"

प्रेमिलानं माह्याकडे पाह्यलं. तिले वाटलं, आता माय रडन. मी रडली नाही. मी उठली, कणकेच्या हातानंच दारापर्यंत गेली आन उंबरठ्याच्या आतल्या अंगाले उभी राह्यली. तो तिकडे, मी इकडे. वर्षभरात मी पहिल्यांदा त्याच्याकडे डोळे भरून पाह्यलं. कानाशी केस पिकले होते. मले माहीतच नव्हतं.

"ऐक गा मधुसूदन," मी म्हटलं. "तार चुकली नाही. खूणबी चुकली नाही. माह्या गोपिकानं जे सुचवलं ते तुह्या डब्यावर बरोबर वाजलं, आन तू बरोबर लिवलं. त्या कागदावर माही लेक जिती होती. तिले मारलं आपल्या अंगणात, तू, तिथं, त्या झाडाखाली उभा राहून. ते मी तुले माफ करत नाही. माह्यानं होत नाही, आन खोटं बोलाची मले सवय नाही. पण तारेवरून तू उठाचं नाही. अर्ज फाडून टाक. तिची खूण त्या टेबलावर येते, ती दुसऱ्या कोणाच्या हातात द्याची नाही. हात थांबला तं थांबू दे, पुन्हा उचल. आन 'आजारी' आली की आजारीच समज, हरकाऱ्याले ओरडून सांग की बुढीले टांग्यात बसवूनच परत ये. आन हे चांगली गोष्ट, वाईट गोष्ट, आजपासून बंद. सायकल ठेव. आत ये. आधी पाणी पी, मंग काय बोलाचं ते बोल."